साळवी मास्तरांचे बावन्न अर्थ

१

मूर्ख माणसं दोन प्रकारची असतात, असं रत्नपाल साळवी मास्तरांचं ठाम मत होतं. काही जन्मतःच मूर्ख असतात आणि उरलेली भविष्य विचारायला जातात. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून मास्तर निवृत्त झाले, तरी रेवदंड्यातल्या दुसऱ्या प्रकारच्या मूर्खांची संख्या काही घटली नव्हती. याचा त्यांना राग यायचा, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही व्हायचा. हसायला कुणीतरी लागतंच.

घरात माणसं तीन. मास्तर, त्यांच्या पत्नी सुचिताबाई आणि मुलगी भक्ती. भक्ती तिशीला टेकलेली, अलिबागच्या एका आर्किटेक्टकडे घरांचे नकाशे काढायची. काम बहुतेक घरूनच, मागच्या खोलीत. केसांचा अंबाडा बांधून त्यात पेन्सिल खोचायची आणि मग तीच पेन्सिल तासभर शोधत बसायची. मास्तरांचं लांब, पुढे वाकलेलं नाक तिनं जसंच्या तसं उचललं होतं. "साळव्यांचं नाक," सुचिताबाई म्हणायच्या, "दारातून आधी नाक येतं, मग माणूस."

सकाळी सहाला सुचिताबाई तीन कप चहा ओतायच्या. भक्तीचा कप मास्तर स्वतः घेऊन जायचे, पण तिच्या खोलीचा कायदा कडक होता. दोनदा टकटक करायची. आतून "थांबा!" येणार. मग थोड्या वेळानं "या". त्याआधी दार लोटलं तर दिवसभर बोलणं बंद. जगात कुणाचं न ऐकणारे मास्तर हा एक कायदा मात्र निमूट पाळायचे.

२

डिसेंबरात मासळी विकणाऱ्या कोकिळाबाई सकाळच्या फेरीला आल्या त्या रिकाम्या पाटीनं. पाटीच्या तळाला फक्त केळीच्या पानात बांधलेले चार बोंबील होते. लहानपणी भक्तीच्या घशात बांगड्याचा काटा अडकला होता, तेव्हापासून ती फक्त बोंबील खायची, आणि कोकिळाबाई तिचा वाटा कधी चुकवत नसत.

"ताईचं तेवढं मागून आनलं," त्या म्हणाल्या. "आमची होरी आठ दिस उभी हाय."

"का? इंजिन?"

"न्हाय वो. पानावर काले कपड्यांची बाई आली. तीन येला आली. मी नवऱ्याला दर्यान कशी धाडू?"

पान म्हणजे पत्त्याचं पान. किनाऱ्यावर भावनाचा होम-स्टे आहे. तिथं इटलीची एक म्हातारी तीन महिने राहून किल्ल्याची चित्रं काढत होती. जाताना ती भावनाला भविष्य सांगायचा जुना पत्त्यांचा जोड देऊन गेली. आता भावना मोबाईलवर इटालियनचं मराठी करून बायकांची भविष्यं सांगत होती, आणि कोकिळाबाईंचा नवरा भिकू, एवढा छातीचा कोळी, बायकोच्या हट्टापायी जाळी उशाला घेऊन घरी पडला होता.

मास्तरांनी तिथल्या तिथं चपला घातल्या आणि भावनाचा होम-स्टे गाठला.

"मास्तर, मी कुठं मनाचं सांगते?" भावना म्हणाली. "कार्डवर लिहिलेलंच ट्रान्सलेट करते. टाइमपास आहे हो."

"तुझ्या टाइमपासपायी एक होडी आठ दिवस किनाऱ्याला आहे. आण तो जोड इकडे."

बावन्न पानं होती. हाताळून कडा मऊ झालेली, पिवळट. उंच टोपीतला गृहस्थ, पाळणा, काळ्या झग्यातली विधवा, चोर, पत्र, पंख्याआडून बघणारी बाई. चित्राखाली इटालियनमध्ये एकेक ओळ. मास्तरांनी पहिलीच्या पोरांची वही तपासावी तसं प्रत्येक पान पाहिलं आणि नाक मुरडलं.

"रविवारी वाचनालयात ये," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर तुझ्या या बाहुल्यांची परीक्षा घेऊ."

३

परीक्षेची पद्धत मास्तरांच्या डोक्यात तयार होती. पानांचे अर्थच बदलून टाकायचे. पहिलीच्या वर्गासाठी ते चित्रांखाली शब्दपट्ट्या चिकटवत, तशाच पट्ट्या या पानांवर चिकटवायच्या, इटालियन ओळ झाकून. अर्थ मास्तरांच्या मनाचे, आणि कुठला अर्थ कुठल्या पानाला हे ठरवणार चिठ्ठी. असल्या पानांवर लोकांनी विश्वास ठेवला तर त्यांची लाज गावासमोर, नाही ठेवला तर होडी दर्यात.

शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिघं ओटीवर बसली. सुचिताबाईंनी तांदळाच्या पिठाची खळ शिजवली होती. मास्तर वळणदार अक्षरात पट्ट्या लिहीत होते आणि स्वतःच हसत होते. "दारात उंट उभा राहील." "दिवसभर गावात पाव मिळणार नाही." "हरवलेली छत्री सापडेल." मास्तर थट्टा करायला बसले की त्यांना शब्द कमी पडत नसत.

"सगळंच फालतू लिहिलंत तर लोक म्हणतील मास्तर घाबरले," भक्ती म्हणाली.

ते मास्तरांना झोंबलं. त्यांनी नवी पट्टी ओढली. "ठीक आहे. घरातलं एक माणूस..."

"अहो, नको," सुचिताबाईंचा हात खळीतच थांबला. "मरेल वगैरे लिहू नका. मला नाही आवडत."

"तू पण? शिक्षकाची बायको तू!"

"नाही आवडत म्हटलं ना."

"बरं. कमी होईल, असं लिहितो. साधी वजाबाकी. झालं समाधान?"

सुचिताबाई पुन्हा खळ ढवळू लागल्या. पट्टी वाळली, घडी होऊन डब्यात गेली.

चिठ्ठ्या भक्ती उचलत होती. एक पान तिनं बराच वेळ हातात धरून ठेवलं. त्यावर माणूस नव्हताच. नुसती एक खोली होती. डावीकडे खिडकी, खिडकीपाशी पाठ वळवलेली रिकामी खुर्ची, टेबल, उजवीकडे बंद दार.

"काय उजेड काढलाय बघा," ती म्हणाली. "डावीकडून येतो, कागदावर हाताची सावली पडत नाही. अशी खोली मिळाली तर मी बाहेरच येणार नाही."

असं म्हणत तिनं त्या पानासाठी चिठ्ठी उचलली, उघडली आणि हसली. "घ्या बाबा. तुमची वजाबाकी."

मास्तरांनी पट्टीला खळ लावली आणि अंगठ्यानं नीट दाबून बसवली.

४

रविवारी चार वाजता वाचनालयात साठेक माणसं जमली. मास्तरांनी नवं रजिस्टर काढलं. नोंद केल्याशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात काही केलं नव्हतं. प्रयोगाची तारीख, मुदत आठ दिवस, ज्याचं भविष्य पाहायचं तो इसम रत्नपाल साळवी. पत्ता. घरातील माणसं, ३. खाली स्वतःची, भावनाची आणि वाचनालयाचे चिटणीस गणराज पाटील यांची सही.

भावनानं पिसून चार पानं काढली. मास्तरांनी ती खणखणीत आवाजात वाचली. काळ्या झग्यातली बाई: हरवलेली छत्री सापडेल. यावर कोकिळाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. पाळणा: पाव मिळणार नाही. उंच टोपीवाला: दारात उंट उभा राहील. हशा पिकला. चौथं पान खोलीचं निघालं.

"घरातलं एक माणूस कमी होईल," मास्तरांनी वाचलं. कुणी हसलं नाही.

"मास्तर, ह्ये पान परत ठेवा," कोकिळाबाई म्हणाल्या.

"का? तुमच्या विधवेची छत्री झाली तेव्हा चाललं! बाई, हा कागद आहे. त्यावर मी शाईनं लिहिलंय आणि माझ्या बायकोनं शिजवलेल्या खळीनं चिकटवलंय. उद्या भिकूला दर्यात धाडा. काही झालं तर माझ्या तोंडाला काळं फासा."

सोमवारी पहाटेच्या भरतीला भिकूची होडी खाडीतून बाहेर पडली.

५

मंगळवारी शाळेतून निरोप आला. जुनं कपाट काढताना मागे एक काळी छत्री मिळाली, दांड्यावर साळवी असं कोरलेली. मास्तर आठ वर्षांपूर्वी त्या छत्रीसाठी शिपायाला बोलले होते.

"कपाट हललं, छत्री मिळाली," ते म्हणाले. "यात पत्ते कुठे आले?"

बुधवारी बेकरीची भट्टी खचली आणि गावात पाव आला नाही. मास्तरांनी चहाबरोबर भाकरी खाल्ली. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ," ते म्हणाले, पण जरा जोरात म्हणाले.

गुरुवारी अकरा वाजता भक्तीनं बाहेरून हाक मारली. नाताळच्या पर्यटकांसाठी किनाऱ्यावर आणलेल्या उंटांपैकी एक दोरी तोडून आला होता आणि फाटकात उभा राहून जास्वंद खात होता. त्यानं सावकाश मान वळवून मास्तरांकडे पाहिलं. भक्ती पोट धरून हसत होती. "बाबा, उंटावरचे शहाणे! बसा आता, बसा!"

मास्तरही हसले. किनाऱ्यावर दहा उंट, एखादा सुटायचाच. सुचिताबाई दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, आत जाऊन त्यांनी रक्तदाबाची गोळी घेतली. मास्तरांनी ते पाहिलं.

त्या दुपारी कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी भक्तीच्या स्कूटरचे ब्रेक तपासले. मग गॅसची नळी. मग मागच्या विहिरीवरची जाळी. प्रत्येक वेळी स्वतःला शिव्या घातल्या. छत्तीस वर्षांत त्यांनी हजारो पोरांना सांगितलं होतं की भीती म्हणजे न केलेला हिशेब. हिशेब तर केला होता. तरी ते जाळी पुन्हा एकदा ओढून पाहत होते, आणि हे कुणाला कळण्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांना वाटत होतं.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी भक्तीच्या दारावर दोनदा टकटक केली.

"थांबा!" मग, "या."

ती खिडकीपाशी नकाशावर वाकली होती. अंबाड्यात पेन्सिल.

"उद्या कुठे जाऊ नकोस," मास्तर म्हणाले.

"का हो?"

"असंच. गर्दी असते रस्त्याला."

भक्तीनं वळून पाहिलं. बापाचा चेहरा तिला वाचता यायचा. ती चेष्टा करणार होती, पण तिनं केली नाही.

"नाही जात," ती म्हणाली. "इथेच बसते खोलीत. बघत राहा हवं तर."

६

रविवारी सकाळी मास्तर सहाला उठले. बाहेर नुकतं फटफटत होतं. सुचिताबाई स्वयंपाकघरात धडधाकट उभ्या होत्या. मास्तरांच्या छातीवरचा दगड उतरला. घरात माणसं दोन, मास्तर आणि सुचिताबाई. दोघंही जागच्या जागी.

"हे काय?" ते म्हणाले.

ओट्यावर चहाचे तीन कप होते.

सुचिताबाई कपांकडे बघत राहिल्या. "चुकून ओतला," त्या म्हणाल्या, आणि तिसरा कप मोरीत रिकामा करताना त्यांचे डोळे भरून आले. कशानं आले हे त्यांनाच सांगता येईना. "आठ दिवस जीव टांगणीला लावलात, दुसरं काय," त्या म्हणाल्या, आणि ते कारण दोघांनाही पटलं.

नऊ वाजता कोकिळाबाई आल्या. पाटी भरून वाहत होती. भिकू सुखरूप आला होता आणि पापलेट असं लागलं होतं की दोन वर्षांत लागलं नव्हतं.

"घ्या मास्तर, तुमी जितलांव. आमी येडी." त्यांनी चार मोठी पापलेटं ताटात टाकली. मग पाटीच्या कडेची केळीच्या पानाची पुडी काढली. "आनि ह्ये बोंबील..."

हात पुढे तसाच राहिला.

"बोंबील नको," मास्तर म्हणाले. "आमच्याकडे दोघांनाही आवडत नाहीत. माहीत आहे तुम्हाला."

"व्हय." कोकिळाबाई पुडीकडे बघत होत्या. "मंग मी बांधलं कोनासाठी? रोज बांधते. तुमच्याकरं कोनाला तरी काटा चालत न्हाय ना, बाई?"

सुचिताबाईंनी मान हलवली, पण पुडी घेतली, आणि कोकिळाबाई गेल्यावरही ती छातीशी धरून उभ्या राहिल्या. पदराला माशाचं पाणी लागत होतं.

"ठेव ते खाली," मास्तर वैतागले. माणसाच्या डोक्यात एकदा भीती शिरली की ते काय काय खेळ करतं याचा हा नमुना, आज सभेत सांगायला हवा, असं त्यांना वाटलं.

७

वाचनालयात बसायला जागा नव्हती. मास्तर त्या दिवशी असे बोलले की गणराज पाटलांनी दोनदा टेबल वाजवलं. छत्री, पाव आणि उंट यांची त्यांनी सालं काढली. भिकूला उभं करून त्याच्या पापलेटांना टाळ्या मिळवून दिल्या. शेवटी खोलीचं पान उंच धरलं.

"आणि हे! घरातलं एक माणूस कमी होईल! माझ्या घरात आम्ही दोघं नवराबायको. लग्न झाल्यापासून दोघंच. ही समोर बसलीय सुचिता, हा मी. मोजा! कोण कमी झालं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुचिताबाई मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या.

"मास्तर," भावना रजिस्टर घेऊन टेबलाशी आली. "इथे तीन लिहिलंय."

मास्तरांनी चष्मा लावला. घरातील माणसं, ३. अक्षर त्यांचंच, वळणदार, तीनची शेपटी खाली ओढलेली. खाली तीन सह्या.

साठ माणसं आठवत होती. कुणाच्या भुवया जुळल्या, कुणी तोंड उघडून मिटलं. कोकिळाबाईंनी बोटं मोजायला सुरुवात केली, मास्तर, बाई, आणि तिसऱ्या बोटावर अंगठा ठेवून त्या थांबल्या.

मास्तर क्षणभर तीनच्या शेपटीवर बोट ठेवून राहिले, जिन्याची पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी तसे. पण ते क्षणभरच. छत्तीस वर्षांची सवय मदतीला धावून आली. चूक दिसली की काय करायचं हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं.

"मूर्खपणा माझा," ते म्हणाले. "लिहिताना हात घसरला. मास्तरसुद्धा माणूसच."

त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, तीनवर आडवी रेघ मारली, शेजारी दोन लिहिलं आणि शिस्तीत सही केली. भावनानं सही केली. गणराज पाटलांनी केली.

त्या वेळी सुचिताबाई एकदम "नको" म्हणाल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. काय नको, हे त्यांना सांगता आलं नाही.

८

घरी आल्यावर सुचिताबाईंनी चहा टाकला. मास्तर खुर्चीत बसून खोलीच्या पानावरची पट्टी सोलू लागले. जोड भावनाला पट्ट्या काढून परत करायचा होता. पट्टी निघेना. खळ पक्की बसली होती.

मग त्यांची नजर चित्राकडे गेली. खिडकीपाशी खुर्चीत एक बाई बसली होती, पाठमोरी, टेबलावर वाकलेली. अंबाड्यात काहीतरी खोचलेलं होतं. कादंबरीतल्या मडमा खोचतात तसा काटा असेल. पेन्सिलही असेल.

ही इथे होती का? असणारच. छापलेलं चित्र आहे. आपणच नीट पाहिलं नसेल.

ओट्यावर तीन कप होते. या वेळी तिसरा कप कुणी मोरीत ओतला नाही. मास्तर उठले. एका हातात पान होतंच, दुसऱ्या हातानं त्यांनी तिसरा कप उचलला आणि त्यांचे पाय मागच्या अडगळीच्या खोलीकडे निघाले. कप बशीवर वाजत होता. दाराशी येऊन त्यांनी कप कोनाड्यात ठेवला आणि दोनदा टकटक केली.

मग स्वतःचीच कीव आली. निवृत्त गणित शिक्षक, स्वतःच्या घरात, अडगळीच्या खोलीवर टकटक करतो! ते हसले. हसणं बोळात राहिलं. अडगळीत नेमकं काय ठेवलंय हे त्यांना आठवत नव्हतं. दाराच्या फटीतून लाकूड छिलल्याचा, पेन्सिलीला टोक केल्यावर येतो तसा वास येत होता.

त्यांनी पान उजेडात धरलं.

बाई आता टेबलावर वाकलेली नव्हती. तिची मान वर आली होती आणि उजवीकडे, बंद दाराकडे वळली होती, टकटक ऐकू आल्यावर माणूस वळवतो तेवढीच. गाल दिसत होता. ओठ बोलायला उघडलेले होते. नाक लांब होतं, पुढे वाकलेलं.

मास्तरांनी आपल्या नाकावर हात ठेवला. बाई ओळखीची नव्हती. त्यांनी खूप प्रयत्न केला, वर्गाच्या हजेरीची नावं घ्यावीत तसं एकेक नाव मनात घेतलं, पण ती कोण ते त्यांना सांगता येईना.

दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हतं. लोटलं असतं तर उघडलं असतं. मास्तरांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. आतून अजून कुणी "या" म्हटलं नव्हतं.

कोनाड्यातल्या चहावर साय धरली. स्वयंपाकघरातून सुचिताबाईंनी विचारलं, "उठली का?" आणि मग कुणाबद्दल विचारलं ते त्यांनाच कळेना. मास्तर दाराशी उभे राहिले.